कोणतं उत्तर मिळालं तर तुम्ही थांबाल?

प्रश्न थोडक्यात असा. डिचोलीत राहणारे आणि पणजीत नोकरी करणारे एक वाचक दोन वर्षांपासून बायबल वाचतायत. दुपारच्या चहाला कार्यालयातल्या कॅथलिक सहकाऱ्याशी त्यांचा वाद रंगतो. कधी मूर्ती, कधी त्रैक्य (पिता, पुत्र येशू आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव हा सिद्धान्त), कधी पोप, कधी मेरीचं कौमार्य. गेल्या महिन्यात सहकारी म्हणाला, "तुला नक्की काय हवंय ते एकदा सांगून टाक," आणि तेव्हापासून तो चहाला येत नाही. वाचक विचारतात, माझा हेतू स्वच्छ आहे की नाही हे ओळखायचं कसं? शेवटी एक ओळ जोडलीय: "तसं हे सगळं मावसबहीण बिलिव्हरांच्या प्रार्थनेला जायला लागली तेव्हापासून सुरू झालं." (बिलिव्हर म्हणजे गोव्यात कॅथलिक चर्चबाहेरचे, मूर्ती न मानणारे ख्रिस्ती गट.)

त्या ओळीकडे शेवटी वळू.

हेतूबद्दल मनाला विचारलं तर ते "जिज्ञासा" एवढं सांगून मोकळं होतं. त्यामुळे मनाची झडती घेण्यात वेळ घालवू नका, प्रश्नाची घ्या. एक साधी वही करा आणि सहकाऱ्यापुढे मुद्दा काढायच्या आधी तिच्यात तीन ओळी लिहा. पहिली, मला काय विचारायचंय, एका वाक्यात. दुसरी, तो यावर चांगल्यात चांगलं काय म्हणेल, तेही त्याने वाचलं तर "हो, असंच" म्हणेल अशा शब्दांत. तिसरी, कोणतं उत्तर मिळालं तर हा प्रश्न माझ्यापुरता मिटेल.

बहुतेकांची गाडी तिसऱ्या ओळीवर अडते. उदाहरणच घेऊ. "तुमची मेरी कुमारी कशी काय?" यापुढची तिसरी ओळ कोरी राहते, कारण कुठल्याही उत्तराने समाधान होईल अशी त्या वाक्याची घडणच नाही. तो प्रश्न नव्हे, चिमटा आहे. तोच विषय असा मांडून बघा: "मत्तय १३:५५ मध्ये येशूच्या भावांची नावं आहेत, याकोब, योसेफ, शिमोन, यहूदा. तरी मेरी कायम कुमारी राहिली असं तुमचं चर्च कशाच्या आधारे मानतं?" आता दुसरी ओळ भरता येते. 'भाऊ' यासाठीच्या ग्रीक 'आदेल्फोस' या शब्दाचा पैस मोठा आहे, आणि त्यामागच्या हिब्रू-अरामी वळणात चुलत-मावस भावालाही भाऊच म्हणतात. आपल्याकडे तरी मावसभावाची ओळख करून देताना "हा माझा भाऊ" यापलीकडे कोण जातं? पूर्वेकडच्या चर्चांमध्ये हे भाऊ योसेफाच्या आधीच्या लग्नाचे मुलगे होते अशीही जुनी परंपरा आहे. तिसरी ओळही भरते: "हा आधार शास्त्रवचनाचा की परंपरेचा, एवढं कळलं की पुरे." सहकारी याचं उत्तर पाच मिनिटांत देईल, "मुख्यतः परंपरेचा, आणि आमच्यात परंपरेलाही अधिकार आहे". तुम्हाला ते पटो न पटो, प्रश्न मिटला. मग दुसऱ्या दिवशी तोच विषय पुन्हा काढायची खुमखुमी आली, तर तुमचं काम प्रश्नाशी नव्हतं हे वही सांगेल.

तिसरी ओळ कोरी असेल त्या दिवशी विचारू नका. एवढा एकच नियम पाळला तरी चहाचे निम्मे वाद आपोआप गळून पडतात.

आता मूर्तीच्या मुद्द्याकडे, कारण तुमचा हेतू सगळ्यात उघडा तिथेच पडलाय. निर्गम २०:४ मधली "कोरीव मूर्ती करू नको" ही आज्ञा दाखवून तुम्ही विचारता, मग इगर्जीत, म्हणजे चर्चमध्ये, पुतळे कसे? माहिती म्हणून याचं उत्तर सरळ आहे. दहा आज्ञांची मोजणी सगळ्यांची सारखी नाही. कॅथलिक आणि ल्यूथरन संत ऑगस्टिनच्या परंपरेने "दुसरे देव नकोत" आणि "मूर्ती नको" ही एकच आज्ञा धरतात, तर रिफॉर्म्ड, म्हणजे कॅल्व्हिनच्या वळणाचे प्रॉटेस्टंट पंथ, "मूर्ती नको" ही दुसरी, वेगळी आज्ञा मोजतात. निर्गम २५:१८ मध्ये कराराच्या कोशावर सोन्याचे दोन करूब, म्हणजे पंख असलेले देवदूत, बसवायला देवच सांगतो. आणि इ.स. ७८७ च्या निकेयाच्या दुसऱ्या परिषदेने प्रतिमेला मान देणं आणि फक्त देवाची करायची आराधना यांत फरक केला. पहिल्याला लॅटिनमध्ये 'दुलिया' म्हणतात, दुसऱ्याला 'लात्रिया'.

हे सगळं बाजूला ठेवा. मूर्तीत काही गैर आहे असं तुम्ही स्वतः मानता का? नाही. तुमच्याच तालुक्यातली शिरगावची लईराई आणि म्हापशाची मिलाग्रीस सायबीण बहिणी मानल्या जातात, आणि सायबिणीच्या फेस्ताला (चर्चच्या जत्रेला) तेल घेऊन हिंदूही जातात. मग जे हत्यार तुमच्या स्वतःच्या देवघरावरही चालतं ते तुम्ही कोणाकडून उसनं आणलंत? बिलिव्हरांकडून. आपल्याला न पटणारा युक्तिवाद केवळ समोरच्याला लागतो म्हणून वापरणं याला आपल्याकडे जुनं नाव आहे. न्यायसूत्रांत चर्चेचे तीन प्रकार सांगितलेत. तत्त्व समजून घ्यायला होतो तो वाद, जिंकण्यासाठी होतो तो जल्प, आणि स्वतःचा पक्षच न मांडता दुसऱ्याचा मोडत सुटणं म्हणजे वितंडा. रोजच्या बोलण्यात आपण तिन्हींना वादच म्हणतो, घोळ तिथूनच सुरू होतो. वहीत प्रश्नासमोर एक खूण करत जा: हा मुद्दा मला स्वतःला मान्य आहे का? तीन प्रश्नांत दोनदा "नाही" आलं तर ती वितंडा आहे, मग संदर्भ कितीही अचूक असोत.

हेतूंचा हा फरक गोव्यात तर छापील दिसतो, तोही मराठीत. जेझुइट या कॅथलिक धर्मसंघाचा पाद्री थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात आला. त्याचं ओवीबद्ध ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये राचोलला छापलं गेलं. ते श्रोत्यांच्या शंका आणि गुरूची उत्तरं अशा अंगाने पुढे सरकतं. त्यानंतर तेरा वर्षांनी, १६२९ मध्ये, त्याच संघातल्या एतिएन द ला क्रुआ या फ्रेंच पाद्र्याचं संत पीटरवरचं मराठी पुराण आलं. त्याच्या पोर्तुगीज शीर्षकातच हिंदूंच्या प्रमुख 'चुकां'च्या खंडनाची घोषणा आहे. दोघांचा संघ एक, ओवी एक, श्रोतेही तेच. स्टीफन्सचा हेतूसुद्धा धर्मप्रसाराचाच होता, त्याला भोळा समजायचं कारण नाही. तरी मराठी वाचक आजही कोणाच्या ओव्या म्हणतो ते बघा.

इथे एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. गोव्यातला हिंदू बायबलवर वाद घालतो तेव्हा पुष्कळदा तो बायबलवर नसतोच, इन्क्विझिशनवर, म्हणजे धर्मविरोधी वागणुकीचे खटले चालवणाऱ्या चर्चच्या न्यायासनावर असतो. १५६० ते १८१२, मधली १७७४ ते १७७८ ही चार वर्षं सोडून, हे न्यायासन इथे बसलेलं होतं. त्याचा राग असणं रास्त आहे. पण त्या रागाचा हिशेब त्रैक्याच्या सिद्धान्ताकडून वसूल करता येत नाही. शिवाय एक तपशील सहसा कोणी ध्यानात घेत नाही. काही बाबतींत हिंदूंवरही खटले चालले, पण न्यायासनाचा मुख्य अधिकार बाप्तिस्मा झालेल्यांवर होता, आणि बाटलेल्या गोवेकरांवरचा मोठा आरोप हिंदू रीती लपूनछपून पाळण्याचा असे. याच न्यायासनाचं १७३६ चं फर्मान वाचा. ख्रिस्ती घरात तुळस नको, हिंदू बायकांसारखी चोळी नको, हिंदूंसारखा भात बिनमिठाचा शिजवून वरून मीठ घालणं नको. म्हणजे भाताच्या तपेल्यापर्यंत चौकशी कोणाची झाली? तुमच्यासमोर चहा पीत बसतो त्याच्या पूर्वजांची. त्या न्यायासनाच्या खुर्चीत तुम्ही आरोपीच्याच पणतवंडाला बसवून फिर्याद वाचताय. इतिहासावर बोलायचं तर जरूर बोला, पण "आज इतिहासावर बोलू" असं आधी सांगून. एका बैठकीत दोन खाती उघडलीत की हिशेब कशाचाच लागत नाही.

आता चुकीच्या माहितीकडे. हेतूशी तिचा संबंध असा की चूक दाखवल्यावर माणूस काय करतो त्यावरून तो ओळखू येतो. नेहमी सापडणाऱ्या चुका घाईघाईत सांगतो. 'निष्कलंक गर्भसंभव' (१८५४) हा सिद्धान्त येशूच्या जन्माचा नाही. मेरी आपल्या आईच्या पोटात आली तेव्हापासून मूळ पापातून (आदामापासून सगळ्या माणसांकडे आलेल्या पापातून) मुक्त होती, असं तो सांगतो. पोपचं 'अप्रमादत्व' (१८७०) म्हणजे पोपच्या हातून पाप होत नाही असं नव्हे. श्रद्धा-नीतीवर अधिकृतपणे अंतिम निर्णय देताना तो चुकत नाही, एवढाच दावा आहे. इ.स. ३२५ च्या निकेया परिषदेत बायबलची पुस्तकं ठरली, ही गोष्ट लोकप्रिय असली तरी खोटी आहे. तिथला मुख्य वाद एरियस या पाद्र्याच्या शिकवणीचा होता, पुत्र पित्याशी एकतत्त्व आहे की पित्याने निर्माण केलेला. नव्या कराराच्या आजच्या २७ पुस्तकांची नेमकी यादी अलेक्झांड्रियाचा बिशप अथनेशियस याच्या ३६७ सालच्या पत्रात सापडते. त्रैक्य म्हणजे तीन देव नव्हेत आणि एका देवाची तीन रूपंही नव्हेत. 'रूपं' हे उत्तर चर्चने तिसऱ्या शतकातच नाकारलं. त्यामुळे "म्हणजे आमचे ब्रह्मा-विष्णू-महेश" हे वाक्य प्रेमाने म्हटलं तरी नेम चुकतोच.

१ योहान ५:७ हा जरा बारकाईने बघण्यासारखा. स्वर्गात साक्ष देणारे पिता, शब्द आणि पवित्र आत्मा असे तिघे, हे वाक्य जुन्या ग्रीक हस्तलिखितांत नाही. ग्रीक नवा करार छापणाऱ्या इरॅस्मस या विद्वानाने १५१६ आणि १५१९ च्या आवृत्त्यांत ते घातलं नाही, १५२२ मध्ये घातलं. ही माहिती हाती लागली की नवशिक्याला हर्ष होतो, सिद्धान्ताचा पायाच उखडला! पण ३२५ आणि ३८१ च्या परिषदांनी तो सिद्धान्त मांडला तो या वाक्याच्या टेकूवर नाही. तुमचा मुद्दा खरा आहे आणि कोणालाच लागत नाही. सहकाऱ्याने हे समजावलं की "अच्छा" म्हणून तुम्ही वहीत नोंद करता, की लगेच "बरं, ते सोड, पण मार्कचा शेवट बघ, तोही जुन्या प्रतींत नाही" म्हणता? दुसरं असेल तर ती उडी. विसंगतीची यादी घेऊन फिरणाऱ्यांनी नीतिसूत्रे २६:४ आणि २६:५ शेजारी शेजारी वाचावीत. एक म्हणतं मूर्खाला त्याच्या मूर्खपणाप्रमाणे उत्तर देऊ नको, पुढचंच म्हणतं दे. संकलकाला दिसलं नसेल असं वाटतं का?

पुस्तकाची प्रतही तपासा. कॅथलिक बायबलमध्ये ७३ पुस्तकं आहेत, प्रॉटेस्टंटमध्ये ६६. मराठीत सहज हाती येणारी प्रत बहुधा ६६ ची असते. अनुक्रमणिकेत तोबीत, यहूदीत, मक्काबी नसतील तर ती तीच. अशी प्रत घेऊन "मृतांसाठी प्रार्थना बायबलमध्ये कुठाय?" विचारलंत तर तो आपली प्रत उघडून २ मक्काबी १२ दाखवेल, तुम्ही "हे बायबलच नाही" म्हणाल, आणि दोघंही आपापल्या पुस्तकाच्या दृष्टीने बरोबर असूनही भांडण होईल. त्याच्याशी बोलताना त्याची प्रत वापरा. कुठल्याही वचनाच्या आधीचा आणि नंतरचा एकेक अध्याय वाचा, आणि जमल्यास पंडिता रमाबाईंचं भाषांतर शेजारी ठेवा. दोन मराठी भाषांतरं जिथे वेगळी जातात, तिथे मुळात काहीतरी गुंता असतो.

बोलत असताना स्वतःवर नजर ठेवायची युक्ती जेझुइटांचीच घ्या. त्यांचा संस्थापक इग्नेशियस लोयोला याच्या साधनापुस्तकात (छपाई १५४८) एकेक दोष काढायची पद्धत आहे. दर दिवसासाठी दोन रेघा, दुपारची आणि रात्रीची, आणि चुकीगणिक एक ठिपका. चूक झाली त्या क्षणी छातीला हात लावायचा, चारचौघांतही कोणाच्या ध्यानात न येता. तुम्ही तीनच गोष्टी मोजा. समोरच्याचं वाक्य तोडलं. उत्तर आल्यावर ते न तोलता दुसऱ्या वचनावर उडी मारली. आणि मुद्दा मांडून झाल्यावर त्याच्याकडे न बघता बाकीच्यांकडे बघितलं. सात दिवस पुरेत. पहिल्या दोन चुका उत्साहाच्याही असू शकतात, तिसरीला मात्र सबब नाही. नजर टेबलावरच्या इतरांकडे गेली म्हणजे तुम्ही टाळी मागत होता. उपायही सोपा आहे, चहाच्या टेबलावर हा विषय बंद. बोलायचं तर दोघांनीच, बसस्टँडपर्यंत चालत जाताना. तिसरा कान नसला की निम्मी धार आपोआप जाते. फेस्ताच्या दिवशी, मयताच्या घरी आणि व्हॉट्सॲपच्या गटावर तर नकोच.

त्याच पुस्तकाच्या सुरुवातीला आणखी एक सूचना आहे: दुसऱ्याच्या विधानाला दोष देण्याआधी त्याचा चांगला अर्थ लावायला तयार असावं, लागत नसेल तर तुला यातून काय म्हणायचंय ते विचारावं. वहीतली दुसरी ओळ म्हणजे हेच. आपला पूर्वपक्ष, म्हणजे आधी समोरच्याची बाजू नीट मांडायची रीत, तीही हीच.

येशूच्या चरित्रग्रंथांत, म्हणजे शुभवर्तमानांतही या विषयाचा धडा आहे. सर्वांत मोठी आज्ञा कोणती, हा प्रश्न मत्तय २२ मध्ये एक शास्त्री येशूची परीक्षा बघायला विचारतो. मार्क १२ मध्ये तोच प्रश्न विचारणारा शास्त्री उत्तर ऐकून "बरोबर बोललात" म्हणतो, ते उत्तर स्वतःच्या शब्दांत पुन्हा मांडतो, आणि येशू त्याला सांगतो, तू देवाच्या राज्यापासून दूर नाहीस. प्रश्नात फरक नाही, फरक उत्तरानंतर काय झालं त्यात आहे. ऐकलेलं उत्तर दोन वाक्यांत परत सांगून "बरोबर समजलो ना?" असं तुम्ही दोन वर्षांत किती वेळा विचारलंत?

सहकाऱ्याकडे जाल तेव्हा लांबण लावू नका आणि "तुझ्या भावना दुखावल्या असतील तर" असली जर-तरची माफी तर मुळीच नको. "मूर्तीवरून मी जे बोलत होतो ते मलाच पटत नव्हतं. तुला अडवायला बोलत होतो. चुकलं." एवढं पुरे. त्या दिवशी नवा प्रश्न खिशात घेऊन जाऊ नका. तो पुन्हा चहाला आला तर आधी पंधरा दिवस क्रिकेट आणि मासळीचे भाव बोला.

आणि आता मावसबहीण. प्रश्न विचारताना तुम्ही तिला शेवटी ठेवलंत, पण सगळं तिच्यापासून सुरू झालं हे तुम्हीच लिहिलंय. तिच्याशी बोलायचा धीर होत नाही म्हणून तिचे प्रश्न तुम्ही कॅथलिक माणसाला विचारत होता, आणि गंमत म्हणजे मूर्ती, मेरी, पोप या तिन्हींवर बिलिव्हर त्याच्याच विरोधात असतात. तुमची खरी काळजी ख्रिस्तशास्त्राची नाही. चवथीला (गणेशचतुर्थीला) ती येणार का, गणपतीवरची फळापानांची माटोळी बांधायला हात लावणार का, नैवेद्याचं खाणार का, ही आहे. हे तिला सरळ विचारता येतं आणि तिसरी ओळही लगेच भरते.

त्याआधी १ करिंथकरांस पत्राचे अध्याय ८ आणि १० वाचून जा, कारण तिच्या गटात प्रसादाचा विषय निघाला तर तो बहुधा याच दोन अध्यायांवरून निघतो. पौलाचं म्हणणं एका ओळीत मावत नाही. आठव्यात तो म्हणतो, मूर्ती म्हणजे काहीच नाही आणि खाण्याने कोणी देवाच्या जवळ-दूर होत नाही, पण कच्च्या श्रद्धेचा माणूस त्याने अडखळत असेल तर खाऊ नये. १०:२७ मध्ये म्हणतो, विश्वास न ठेवणाऱ्याने जेवायला बोलावलं तर पुढ्यात येईल ते न विचारता खावं. आणि २८ मध्ये, हे अर्पण केलेलं आहे असं कोणी सांगितलं तर सांगणाऱ्याखातर खाऊ नये. तिचा गट यातलं काय कसं धरतो, हे तुम्हाला ठाऊक नाही. विचारा, आणि ती सांगेल ते तोडू नका. ती "नैवेद्याचं नको" म्हणाली, तर नैवेद्य दाखवायच्या आधी चार नेवऱ्या (करंज्या) तिच्यासाठी वेगळ्या डब्यात काढून ठेवता येतात. वाढायच्या मात्र सगळ्यांबरोबर, नैवेद्यानंतरच, म्हणजे घरातल्या मोठ्यांनाही बोलायला जागा राहत नाही. हे फोनवर चवथीच्या आठ दिवस आधी ठरवा, पानावर बसल्यावर नको.